शिसं किती लावायचं? सोलापुरातच मोजा, मग मालवणला उतरा

होडी किनाऱ्यापासून लांब आली, नांगर पडला, सगळ्यांची अंगावर स्कुबा डायव्हिंगचं सामान चढवायची गडबड सुरू झाली, की गाइड हमखास विचारतो, "वजन किती लावता?" म्हणजे पाण्याखाली जायला अंगावर शिसं किती किलो बांधता. आपल्याकडचे बरेच जण या प्रश्नाला गडबडतात. कोणी "मागच्या वेळी आठ होतं बहुतेक" म्हणतो, कोणी गाइडच्या तोंडाकडे बघतो. गाइडला सहा माणसं पाण्यात उतरवायची असतात. माणूस वर तरंगत राहिला तर सगळ्यांचा वेळ जातो, म्हणून तो दोन किलो जास्तच देतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

माझ्या शिकाऊ दिवसांत एका होडीवर मला असंच १० किलो शिसं बांधलं होतं. खाली गेलो तो थेट वाळूवर आदळलो. वर यायला जॅकेटमध्ये हवा भरली तर भराभर वर निघालो, घाबरून सोडली तर पुन्हा खाली. पाय खाली, डोकं वर अशा उभ्या अवस्थेत पाय मारत राहिलो आणि बाकीच्यांच्या आधी पंधरा मिनिटं माझी हवा संपत आली. सोलापूरहून साडेतीनशेहून जास्त किलोमीटर गाडी चालवून गेलो होतो आणि पाहिली ती फक्त उडालेली वाळू. आज मी तेच सामान, तोच सूट घालून साडेपाच किलोवर उतरतो. मधल्या साडेचार किलोंचा हिशोब मी होडीवर नाही, सोलापुरात केला. तो कसा करायचा ते इथे क्रमाने सांगतो.

हा लेख ज्यांनी ओपन वॉटर, म्हणजे स्कुबाचा पहिला, कोर्स केलाय किंवा करतायत त्यांच्यासाठी आहे. मालवणला पर्यटक म्हणून एकदाच, प्रशिक्षकाच्या हाताला धरून डुबकी मारणाऱ्यांना यातलं काही करावं लागत नाही. कोर्स करायचा असेल तर तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. पुस्तक वाचून किंवा हा लेख वाचून कोणीही एकट्याने सिलेंडर पाठीला लावू नये.

आधी थोडं विहिरीकडे जाऊ

आपल्यापैकी ज्यांनी गावाकडच्या विहिरीत पोहायला शिकलंय त्यांना हे सगळं अंगाने माहीत आहे. कमरेला वाळका भोपळा, पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून चुलत्याने वरून ढकललेलं आठवत असेल. भोपळा हलका, पण पोटात जागा मोठी. जितकं पाणी तो बाजूला सारतो, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा त्याला वर रेटा मिळतो. शाळेच्या पुस्तकातलं प्लावक बल ते हेच. आपण जितकं पाणी सारतो त्याचं वजन आपल्या वजनापेक्षा जास्त असेल तर आपण वर, कमी असेल तर खाली, आणि बरोबर असेल तर जिथे आहोत तिथेच अधांतरी. डायव्हरला हवी असते ती तिसरी अवस्था.

डायव्हरच्या अंगावर भोपळे दोन असतात. एक म्हणजे वेटसूट, अंगाला घट्ट बसणारा सूट. त्याच्या निओप्रीनमध्ये, म्हणजे फोमसारख्या रबरात, बारीक बारीक बुडबुडे असतात. दुसरा म्हणजे बीसीडी, ते हवा भरता-सोडता येणारं जॅकेट. तिसरा भोपळा छातीतच असतो, त्याचं पुढे सांगतो. शिसं लावायचं ते मुख्यतः सूटाचा भोपळा मारायला. बीसीडीची हवा ही वरच्यावर करायच्या बारीक दुरुस्तीसाठी. जास्तीचं शिसं बांधून ते हवेने उचलत बसणं हे तिचं काम नव्हे. एवढं पक्कं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

जास्त शिशाचा त्रास नेमका कुठून होतो तेही बघा. माझ्या अंगावर साडेचार किलो शिसं फालतू होतं. पाण्यात त्याचा भार सुमारे चार किलो भरतो. तो पेलायला बीसीडीत चार लिटर हवा हवी. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, ५ मीटरवर दीडपट. म्हणजे १० मीटरवरची ती चार लिटर हवा ५ मीटरवर येईपर्यंत फुगून सव्वापाच लिटरच्या वर जाते आणि पृष्ठभागावर आठ लिटर होते. आपण काहीच केलं नाही तरी ५ मीटरवर आपण सव्वा किलोने जास्त हलके झालेलो असतो. आणखी वर आलो की आणखी हलके, म्हणून आणखी वेगाने वर. जॅकेटमधला बुडबुडा जेवढा मोठा तेवढा हा खेळ बेभरवशाचा. शिसं बरोबर असेल तर बुडबुडाच लहान राहतो आणि त्याला सांभाळणं सोपं जातं.

पायरी पहिली: सिलेंडरचं गणित

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिळतो तो अ‍ॅल्युमिनियमचा ११ लिटरचा सिलेंडर. त्यात २०० बारला (बार हे दाबाचं माप) सुमारे २२०० लिटर हवा मावते. हवेला वजन असतं हे लोक विसरतात. एका लिटरला साधारण १.२ ग्रॅम धरा, म्हणजे भरलेल्या सिलेंडरमध्ये अडीच किलोंच्या वर नुसती हवा असते. डायव्ह संपताना ५० बार उरतात, तोवर त्यातली सुमारे दोन किलो आपण श्वासावाटे सोडून दिलेली असते. म्हणजे सुरुवातीपेक्षा शेवटी आपण दोन किलोने हलके. अ‍ॅल्युमिनियमचा सिलेंडर तर सुरुवातीला किंचित बुडणारा असतो आणि शेवटी चक्क तरंगणारा होतो. स्टीलचा सिलेंडरही तेवढीच हवा गमावतो, पण तो रिकामा झाला तरी सहसा बुडणाराच राहतो. म्हणून स्टील मिळालं तर शिसं दोनेक किलोने कमी करून बघायचं.

यातून नियम निघतो: शिसं मोजायचं ते डायव्हच्या शेवटच्या क्षणासाठी. सिलेंडरमध्ये ५० बार, बीसीडी रिकामी, खोली ५ मीटर, आणि वर येण्याआधीच्या थांब्यात तीन मिनिटं तिथे न धडपडता थांबता आलं पाहिजे. तेवढं शिसं पुरेसं, त्याहून एक किलोही जास्त नको. सुरुवातीला दोन किलो जड वाटणार, ते बरोबरच आहे. ती दोन किलो म्हणजे आपल्याला अजून घ्यायचा असलेला श्वास.

पायरी दुसरी: घरच्या ड्रमात सूट मोजा

भाड्याचा सूट असेल तर ही पायरी सोडून द्या, कारण पुढच्या वेळी दुसराच सूट हातात येईल. पण स्वतःचा असेल तर जरूर करा. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे दोनशे लिटरचा निळा ड्रम नाही असं घर विरळाच. पाणी यायच्या आदल्या दिवशी, ड्रम निम्म्यावर आला असताना हे करायचं. नंतर ते पाणी झाडांना नाहीतर फरशीला जातं, वाया जात नाही.

सूट आधी बादलीत दहा-पंधरा मिनिटं भिजत ठेवा. कोरड्या सूटाच्या आत आणि शिवणीत बरीच हवा अडकलेली असते, ती मोजायची नाही. मग घडी करून भाजीच्या जाळीच्या पिशवीत घाला, पाण्याखाली धरून दाबा. बाहीतून, पायातून, मानेजवळून बुडबुडे निघत राहतात. मी माझा सूट पहिल्यांदा दाबला तेव्हा मला वाटलं झालं, आणि चेन उघडली तर पाठीच्या भागातून मुठीएवढा बुडबुडा निघाला. बुडबुडे थांबेपर्यंत दाबत राहा. आता पिशवीत एक-एक किलोचं शिसं टाकत जा. शिसं नसेल तर किराणा दुकानातली लोखंडी वजनं चालतात, पण लोखंड स्वतः शिशापेक्षा जास्त पाणी सारतं, म्हणून आकडा थोडा जास्त येईल हे ध्यानात ठेवा. पिशवी तळाला टेकायच्या बेतात, ढकलली की हळूच खाली आणि सोडली की हळूच वर, अशी झाली की थांबा. तेवढा तुमच्या सूटाचा भोपळा. माझा ३ मिलिमीटरचा पूर्ण सूट दोन किलोला बुडला. भाच्याचा ५ मिलिमीटरचा होता, त्याला साडेतीन लागले.

हा आकडा वहीत लिहा आणि वर्षभराने पुन्हा मोजा. निओप्रीन जुनं होत जातं तसे त्यातले बुडबुडे चेपत जातात आणि सूट कमी तरंगतो. तीन-चार वर्षं वापरलेल्या सूटासाठी पहिल्या दिवसाचं शिसं लावलं तर ते नक्की जास्त होतं.

पायरी तिसरी: पोहण्याच्या तलावात तपासणी

यासाठी प्रशिक्षक हवा, भरलेला सिलेंडर हवा आणि माणसाच्या उंचीपेक्षा खोल पाणी हवं. शहरातल्या तलावाच्या व्यवस्थापनाशी आधी बोलून गर्दी नसलेली वेळ घ्या. सिलेंडरबाबत एक गोष्ट ठामपणे सांगतो: पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर, दवाखान्यातला ऑक्सिजन, यांतलं काहीही डायव्हिंगच्या सिलेंडरमध्ये भरायचं नाही. श्वासासाठी गाळलेली कोरडी हवा लागते. साध्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो, आणि शुद्ध ऑक्सिजन खोलीवर विषासारखा वागतो. प्रशिक्षक सिलेंडर भरून आणेल तेव्हाच सराव.

तलावाऐवजी हिप्परगा किंवा उजनीत उतरलं तर काय, असं मला दरवेळी कोणीतरी विचारतं. उतरू नका. उजनीच्या पाण्याखाली गाळ आहे, मासेमारीची जाळी आहेत, झाडांचे खुंट आहेत, बुडालेल्या गावांच्या भिंती आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तेव्हा खाली काय काय आहे याचा अंदाज येतो. हातभर अंतरावरचं दिसत नाही अशा पाण्यात शिकाऊ माणसाचं काम नाही. शिवाय ३०० मीटरपेक्षा उंचावरच्या पाण्यात डायव्हिंगचे, किती खोल किती वेळ राहायचं ते सांगणारे, तक्ते वेगळे लावावे लागतात, आणि उजनी त्याहून बरीच वर आहे.

तर तलावात. सगळं सामान अंगावर, सूट भिजलेला, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर, म्हणजे सिलेंडरची हवा ज्यातून घेतो तो, तोंडात. सुरुवातीला सूटाच्या आकड्याइतकं शिसं घ्या, त्यात एक किलो मिळवा. जिथे पाय टेकत नाहीत अशा जागी उभ्याने या. बीसीडीची नळी डोक्यावर ताणून धरा आणि बटण दाबून हवा पूर्ण काढा. उजवा खांदा थोडा खाली, डावा वर, म्हणजे आत अडकलेली हवा नळीकडे येते.

आता इथे सगळ्यांची चूक होते, माझीही झाली. आपण उभे असताना पाय नकळत हलत राहतात. लहानपणी विहिरीत शिकलेल्यांचे तर जास्तच, कारण पाय मारले नाहीत तर बुडू हे अंगात मुरलेलं असतं. पाय हलले की माणूस वर राहतो, आणि आपल्याला वाटतं शिसं कमी पडलं. मग आणखी एक किलो, आणखी एक किलो. माझे १० किलो असेच झाले होते. म्हणून दोन्ही घोटे एकमेकांवर आवळून ठेवा, हात छातीवर घ्या. भाच्याला मी वरून सांगत होतो, "पाय हलवू नकोस," तो रेग्युलेटर काढून म्हणाला, "हलवत नाही ओ मामा." मग मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून त्याच्या पायांचा व्हिडिओ काढला आणि त्याला दाखवला. दोन मिनिटांत प्रश्न सुटला.

नेहमीएवढा श्वास घ्या आणि दोन-तीन सेकंद तो तसाच ठेवा. ही पृष्ठभागावरची तपासणी आहे म्हणून इतकंच चालतं. खोलीत श्वास रोखायचा नाही, तो नियम मोडायचा नाही. या वेळी पाण्याची रेघ मास्कच्या मधोमध, डोळ्यांच्या पातळीवर आली पाहिजे. मग श्वास पूर्ण सोडा. आता हळूहळू डोकं पाण्याखाली गेलं पाहिजे. श्वास सोडूनही कपाळ वर राहिलं तर अर्धा-एक किलो वाढवा. श्वास भरलेला असतानाच दगडासारखे खाली गेलात तर कमी करा. एका वेळी एक किलोपेक्षा जास्त बदल करू नका आणि प्रत्येक बदलानंतर एक मिनिट शांत श्वास घ्या. घाबरलेला माणूस अर्धी फुप्फुसं भरलेलीच ठेवतो, त्याने एक-दोन किलोंचा फरक सहज पडतो.

तपासणी भरलेल्या सिलेंडरवर केली असेल तर आलेल्या आकड्यात दोन किलो मिळवा. सरावाच्या शेवटी ५० बार उरल्यावर केली असेल तर काही मिळवायचं नाही. दुसरी पद्धत मला जास्त भरवशाची वाटते, कारण तिथे हिशोब करावा लागत नाही, जे दिसतं तेच उत्तर. तासभर सराव करून दमल्यावर श्वासही खरा असतो.

माझा तलावातला आकडा, ५० बारवर: ३ किलो.

पायरी चौथी: गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्यात

समुद्राचं पाणी मिठामुळे जड. एक घनमीटर गोडं पाणी १००० किलो, समुद्राचं साधारण १०२५. म्हणजे तेवढंच अंग तेवढंच पाणी सारतं, पण रेटा अडीच टक्क्यांनी वाढतो. हे अडीच टक्के शिशाचे नाहीत, आपल्या एकूण वजनाचे. इथे बरेच जण चुकतात, तीन किलोंचे अडीच टक्के काढतात आणि म्हणतात फरक काहीच नाही.

तलावाच्या काठावर वजनकाटा ठेवा आणि सगळं सामान अंगावर घेऊन, शिशासकट, त्यावर उभे राहा. माझं वजन ७२ किलो, सामानासकट ९६ भरलं. त्याचे अडीच टक्के म्हणजे २.४. शिसं स्वतःही थोडं पाणी सारतं म्हणून ते अडीच धरले. ३ अधिक २.५, साडेपाच किलो. मालवणला पहिल्याच डायव्हला हा आकडा अर्ध्या किलोच्या आत बरोबर निघाला. तेव्हापासून होडीवरच्या प्रश्नाला मी न अडखळता उत्तर देतो. "साडेपाच. अ‍ॅल्युमिनियमवर, तीन मिलिमीटर सूट." असं सांगितलं की गाइडही विश्वास ठेवतो. तरीही तो एक किलो जवळ ठेवायला म्हणाला तर वाद घालू नका. त्याच्याकडेच ठेवायला सांगा, गरज पडली तर घ्या.

पायरी पाचवी: शिसं अंगावर कुठे

पट्टा असेल तर शिशाच्या प्रत्येक तुकड्याला दोन खाचा असतात. पहिल्या खाचेतून पट्टा ओवला की त्याला एक अर्धा पीळ द्या आणि मग दुसऱ्या खाचेतून काढा. या पिळाने तुकडा जागचा सरकत नाही. सगळे तुकडे दोन्ही कुल्ल्यांच्या वर, समसमान. एकाच बाजूला जास्त झालं तर पाण्यात माणूस त्या कुशीवर कलंडत राहतो आणि त्याला कारण कळत नाही. बक्कल उजव्या हाताने एका झटक्यात उघडेल अशी, आणि पट्ट्याचं शेपूट वीतभर मोकळं. ते कुठे खोचून ठेवायचं नाही, संकटात ते हाताला लागलं पाहिजे. पट्टा उचलताना किंवा होडीवर देताना बक्कल नसलेलं टोक धरा, नाहीतर शिशाचे तुकडे घसरून पायावर किंवा खालच्या माणसावर पडतील.

पट्टा बांधताना पुढे वाका, म्हणजे वजन पाठीवर टेकतं आणि हात मोकळे होतात. खोलीवर गेल्यावर सूट चेपतो, पट्टा सैल होतो आणि फिरतो. तळाजवळ पोचल्यावर एकदा आवळून घ्यायचा. हे विसरल्यामुळे बक्कल पाठीमागे गेलेली मी पाहिली आहे.

बीसीडीत शिशाचे कप्पे असतील तर पाठीचा त्रास कमी होतो. पण कप्पा बसवल्यावर "टक" असा आवाज आला का, ओढून बघितला का, हे तुमच्या जोडीदाराने तपासायचं. एक कप्पा निसटला तर अडीच किलो एकदम गेले आणि माणूस बाटलीच्या बुचासारखा वर.

काही शिसं सिलेंडरच्या पट्ट्यावरच्या छोट्या खिशांत ठेवता येतं. तयार खिसे महाग वाटले म्हणून मी इथल्याच एका पिशव्या शिवणाऱ्या शिंप्याकडून जाड कॅनव्हासचे दोन शिवून घेतले. नायलॉनचा दोरा, दुहेरी शिवण, तळाला पाणी निथळायला जाळी, वर चार बोटं रुंद व्हेल्क्रो. चार वर्षं टिकलेत. फक्त एक लक्षात ठेवा, पाठीवरचं शिसं संकटात टाकता येत नाही. म्हणून तिथे एक-दोन किलोच, बाकी सगळं हाताने टाकता येईल अशाच जागी.

पायरी सहावी: आडवं राहणं

आकडा बरोबर आला तरी अंग तिरकं असेल तर उपयोग अर्धाच. पाय खाली लोंबत असतील तर पुढे जाण्यासाठी मारलेली प्रत्येक लाथ माणसाला वरही ढकलते. मग तो खाली राहायला जॅकेटातली हवा काढतो, थांबला की बुडतो, पुन्हा हवा भरतो. हवा संपते ती यात. शिवाय खाली प्रवाळ असेल तर पाय त्याच्यावर आपटतात, आणि ते पुन्हा उगवायला वर्षं लागतात.

तलावात तळापासून दोन फूट वर, पालथे, गुडघे काटकोनात वळवून, हात पुढे घेऊन स्थिर व्हा. काहीही हलवू नका. दहा सेकंदांत अंग आपली खोड दाखवतं. पाय बुडायला लागले तर सिलेंडर पट्ट्यात चार बोटं वर सरकवा, म्हणजे डोक्याकडे. तरीही बुडाले तर कमरेचं एक किलो काढून वर सिलेंडरच्या पट्ट्यावरच्या खिशात टाका. डोकं बुडत असेल तर उलट. सिलेंडर इतका वर घेऊ नका की मान मागे केली की व्हॉल्व्हला डोकं आपटेल. जड रबरी फिन्स, म्हणजे पायात घालायचे पंख, पाय खाली ओढतात, हलके प्लास्टिकचे उलट वर उचलतात. म्हणून भाड्याचे फिन्स बदलले की हे सगळं थोडं बदलतं. अ‍ॅल्युमिनियमचा सिलेंडर रिकामा होत जाईल तसं त्याचं बूड वर येऊ लागतं, तेव्हा सुरुवातीला पाय किंचित खाली असणं चांगलंच.

पाण्यात: जॅकेट कमी, छाती जास्त

तिसरा भोपळा म्हणजे फुप्फुसं. मोठा श्वास आणि पूर्ण सोडलेला श्वास यात सहज तीन-चार लिटरचा फरक असतो, म्हणजे तीन-चार किलोंचा रेटा आपल्या छातीत. खडकावरून जायचंय, थोडा जास्त श्वास घ्या. पलीकडे उतरायचंय, थोडा जास्त सोडा. पण परिणाम लगेच होत नाही, दोन-तीन सेकंद लागतात. नवखा माणूस तेवढं थांबत नाही, बटण दाबतो, आणि मग श्वासाचा आणि जॅकेटचा असे दोन्ही परिणाम एकदम येतात. मला शिकवणाऱ्या मालवणच्या प्रशिक्षकाचं एकच पालुपद होतं, "श्वास सोड, थांब, मग बघ."

उतरताना नळी वर धरून हवा काढा आणि लांब श्वास सोडा. पहिले दीड-दोन मीटर सगळ्यात अवघड असतात. त्यानंतर दाबाने सूट चेपतो आणि काम सोपं होतं. वेग वाढायला लागला की तळाची वाट न बघता हवा भरायचं बटण एकदा टिचकीसारखं दाबा. अर्धा सेकंद, मग थांबा. गरज वाटली तर पुन्हा अर्धा सेकंद.

वर येताना आधी हवा काढायची, मग निघायचं. जॅकेटने वर यायचं नाही, पायांनी यायचं, आणि वाटेत फुगणारी हवा थोडी थोडी सोडत राहायची. वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा कमी, म्हणजे आपल्या सगळ्यात बारीक बुडबुड्यांच्या मागून. डोकं खाली असेल तर खांद्यावरून हवा निघत नाही, मागच्या बाजूला कमरेजवळ असलेला डंप व्हॉल्व्ह, म्हणजे हवा सोडायची झडप, ओढायचा. तो कुठे आहे हे तलावात डोळे मिटून दहा वेळा हाताने शोधून ठेवा.

आणि एक सराव प्रशिक्षकासमोर जरूर करा. इन्फ्लेटरचं, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरायचं, बटण मिठाने अडकलं आणि हवा आपोआप भरत राहिली तर? एका हाताने डंप व्हॉल्व्ह ओढून धरायचा, दुसऱ्याने नळीचा जोड मागे सरकवून सोडवायचा. दोन्ही एकदम. माझ्या बाबतीत हे एकदा भाड्याच्या जॅकेटवर झालं, सुदैवाने होडीवरच. जॅकेट फुगून कण्हायला लागलं तेव्हा हाताने जोड सोडवायला मला चार प्रयत्न लागले.

सोलापुरात आल्यावर सामान धुणं

खारं पाणी बीसीडीच्या आत शिरतंच. नळीतून लिटरभर स्वच्छ पाणी आत घाला, तोंडाने फुगवा, चारी बाजूंनी खळखळवा, उलटं धरून नळीतूनच काढा. दोनदा करा. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी यासाठी वापरू नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. बोअरचंही शेवटच्या धुण्याला नको, सुकल्यावर बटणात पांढरी पूड बसते. नळाचं पाणी कमी असेल तर एका बादलीतच भागतं, फक्त क्रम पाळा: आधी रेग्युलेटर, मग बीसीडी, मग सूट, शेवटी बूट.

आणि ऊन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर जातो. गच्चीवर दोरीला टाकलेला सूट दोन उन्हाळ्यांत कडक होतो, बीसीडीच्या शिवणी सुटतात. सावलीत, वाऱ्यात, जॅकेट अर्धं फुगवून जाड हँगरवर. भरलेला सिलेंडर बंद गाडीत उन्हात ठेवायचा नाही. शिसं प्रवासात सोलापुरी टॉवेलमध्ये एकेक गुंडाळा, डिकीत आदळत नाही आणि त्याची काळी पूड बाकी सामानाला लागत नाही. शिसं हाताळल्यावर जेवायच्या आधी हात साबणाने धुवा. भंगारातलं शिसं आणून घरी वितळवून तुकडे ओतायचा बेत कोणाचा असेल तर सोडून द्या, ती वाफ घरातल्या लेकरांच्या अंगात जाते.

परतीच्या वाटेचंही आत्ताच ठरवून टाका. आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या जवळपास आहे. डायव्हनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि सहाशे मीटरच्या वर चढणं हे त्या दृष्टीने विमान प्रवासासारखं. एका डायव्हनंतर किमान १२ तास, जास्त डायव्ह केल्या असतील तर १८ तास थांबा. रात्री मालवणला झोपा, दुसऱ्या दिवशी घाट चढा.

वही

शेवटच्या थांब्यावर, ५ मीटरवर, तीन मिनिटं संपत आली की प्रेशर गेज बघा आणि बीसीडीतली राहिलेली हवा पूर्ण काढून टाका. शांत श्वासात तिथेच राहिलात तर आकडा बरोबर. बुडायला लागलात तर पुढच्या डायव्हला एक किलो कमी. वर जायला लागलात आणि दोर धरावा लागला तर एक वाढवा. होडीवर आलं की फिन्स काढायच्या आधी हे लिहून घ्यायचं, अर्ध्या तासाने आठवत नाही. माझ्या वहीतली गेल्या जानेवारीतली, गड्ड्याची जत्रा उरकून गेलो तेव्हाची नोंद अशी आहे: "मालवण. अ‍ॅल्यु. ११ लि. सूट ३ मिमी, पाच वर्षं जुना. शिसं ५.५. शेवटी ५५ बार, ५ मी.ला बीसीडी रिकामी, हळूच खाली. पुढच्या वेळी ५."

डिकीतल्या टॉवेलांतून अर्धा किलोचा एक तुकडा त्याच दिवशी काढून घरी ठेवला आहे.